सही कोणाची चालणार? बीटल्सच्या भागीदारीचे प्रकरण

पूर्व विदर्भातल्या देसाईगंज-वडशाच्या नाट्यकंपन्यांचा हंगाम दिवाळीनंतर, धान निघू लागले की सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. तो संपला की कंपन्या फुटण्याचा हंगाम लागतो. एखादा भागीदार वेगळा होतो, नायक-नायिका शेजारच्या कंपनीत जातात, वादक तिसरीकडे तारखा देतात आणि पुढच्या दिवाळीला जुन्याच माणसांचा नव्या नावाचा फलक लागतो. फुटण्याची कारणे मात्र कोठेही लिहिलेली सापडत नाहीत. भागीदारी तोंडी असते, हिशेब एकाच्या वहीत असतो आणि भांडण चहाच्या टपरीवर मिटते किंवा मिटत नाही. काही कंपन्यांचे जमाखर्च मी लिहितो. झाडीपट्टीतल्या निर्मात्यांना आणि वादकांना अभ्यासासाठी एखादे प्रकरण द्यायचे ठरवले, तेव्हा मी जवळचे न घेता इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बीटल्स या चौघांच्या गायक-वादक गटाचे घेतले, कारण त्या चौघांची भागीदारी न्यायालयात गेली आणि एरवी बंद पेटीत राहिले असते ते कागद सर्वांसमोर उघडे झाले. शिवाय त्या प्रकरणात आपल्या ओळखीचे कोणी नसल्यामुळे वाचताना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

बीटल्सच्या शेवटच्या काळातल्या चित्रीकरणावरून 2021 मध्ये तीन भागांचा एक लांबलचक माहितीपट आला. त्याचा काही भाग मोबाइलवर पाहून आमच्याकडच्या एका जुन्या ऑर्गनवादकाने मला एवढेच विचारले, "याइचा मालक कोन होता जी?" ज्याने उभी हयात निर्मात्याच्या हाताखाली, प्रत्येक नाईटचा ठरलेला पैसा घेऊन वाजवले, त्याला ही शंका येणे साहजिक होते. चार माणसे महिनाभर एका खोलीत बसली आहेत, वाद घालत आहेत, आणि त्यांना 'आता पुरे, उद्या अमुक गाणे' असे सांगणारे कोणीच नाही. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्याच प्रश्नात आहे.

उभारणी

जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची भेट 6 जुलै 1957 रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागात चर्चच्या जत्रेत झाली. लेनन तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि मॅकार्टनी पंधरा. पुढे मॅकार्टनी यांनी आपल्याहून लहान असलेल्या जॉर्ज हॅरिसन यांना आणले. वयाचा हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पोरगेला म्हणून आत आलेला माणूस पुढे कितीही मोठा झाला तरी जुन्या दोघांच्या नजरेत पोरगाच राहतो, हे या चौघांच्या बाबतीतही घडले. 1960 पासून ते जर्मनीतील हॅम्बुर्गच्या रात्रीच्या क्लबांत वाजवू लागले. तेथे एका रात्रीत अनेक तास उभे राहून, दारू प्यालेल्या आणि कंटाळलेल्या गिऱ्हाइकांना धरून ठेवावे लागे. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात पहाटे तीन वाजता पेंगुळलेल्या गावाला जागे ठेवण्याची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना या तालमीचे मोल वेगळे सांगायला नको.

लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात नोव्हेंबर 1961 मध्ये ब्रायन एपस्टाइन यांनी त्यांना प्रथम ऐकले. कुटुंबाच्या नेम्स या व्यवसायातले रेकॉर्डचे दुकान सांभाळणारा हा तरुण पुढल्या काही आठवड्यांतच त्यांचा व्यवस्थापक झाला. 1 जानेवारी 1962 रोजी डेका या रेकॉर्ड कंपनीने त्यांची चाचणी घेतली आणि नंतर नकार कळवला. त्यानंतर ईएमआयच्या पार्लोफोन विभागातील निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना घेतले. ऑगस्ट 1962 मध्ये ड्रमवादक पीट बेस्ट यांना काढून रिंगो स्टार यांना आणण्यात आले. हा निर्णय उरलेल्या तिघांचा होता, पण बेस्ट यांना तो सांगण्याचे काम तिघांपैकी एकानेही केले नाही. ते एपस्टाइन यांनी केले.

पुढची तीन-चार वर्षे सर्वश्रुत आहेत. ऑक्टोबर 1962 मध्ये पहिली रेकॉर्ड आली. 9 फेब्रुवारी 1964 रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांना सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी पाहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या लोकप्रियता यादीतील पहिली पाचही गाणी त्यांची होती. ऑगस्ट 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर 55 हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. स्वतः लिहिलेली गाणी स्वतः वाजवणारा गट ही रीत जगभर रुळली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे, आणि ध्वनिमुद्रणाची खोली हेच वाद्य मानण्याची रीतही बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच.

कच्चा सौदागर, पक्का माणूस

एपस्टाइन व्यवहारात कच्चे होते, आणि हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. ईएमआयशी झालेल्या पहिल्या करारात एका रेकॉर्डमागे एक पेनी मिळायचा आणि तोही सर्वांत वाटून घ्यायचा होता. अमेरिकेत त्यांच्या नावाच्या बाहुल्या, टोप, डबे यांचा प्रचंड बाजार उभा राहिला, तेव्हा त्या परवान्यांच्या उत्पन्नातील 90 टक्के हिस्सा मधल्या कंपनीला आणि 10 टक्के आपल्याकडे असा करार नेम्सने करून ठेवला होता. आमच्याकडचा एखादा निर्माता असा सौदा करून आला असता, तर पुढच्या हंगामात त्याच्या दारात कलावंत उभा राहिला नसता.

तरीही या गटात एपस्टाइन जिवंत असेपर्यंत फूट पडली नाही. याचे कारण मी असे लावतो की चौघांनाही तो माणूस आपला वाटत होता. तो लेननचा किंवा मॅकार्टनीचा नव्हता. जे एकमेकांना तोंडावर बोलता येत नव्हते ते त्याच्यामार्फत बोलले जाई, आणि त्याने मांडलेल्या कागदावर चौघेही फारसे न वाचता सही करीत. न वाचता सही करणे वाईटच, परंतु न वाचता सही करावीशी वाटणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती विकत मिळत नाही. 1969 मध्ये त्यांना एपस्टाइनपेक्षा कितीतरी पट तरबेज सौदागर मिळाला, त्याने उत्पन्नही वाढवून दिले आणि गट दोन वर्षांच्या आत न्यायालयात उभा राहिला.

29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. दौरे थांबल्यावर कलेला फायदा झाला, हे 1967 च्या कामावरून दिसतेच. परंतु दौऱ्यांनी चौघांना एका गाडीत आणि एका खोलीत कोंबून ठेवले होते, ते बंधनही गेले. एपस्टाइन यांच्याकडचे रोजचे कामही त्यामुळे कमी झाले. 27 ऑगस्ट 1967 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, झोपेच्या औषधांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. चौघे त्या वेळी वेल्समधील बँगोर येथे महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. पुढे 1968 च्या फेब्रुवारीत ते ऋषिकेशला आले आणि एकेक करून परतले. रिंगो सुमारे दहा दिवसांत गेले, तर लेनन आणि हॅरिसन एप्रिलपर्यंत राहिले. आपल्याकडे या आश्रमाच्या कथा फार रंगवून सांगितल्या जातात. त्या मुक्कामात गाणी पुष्कळ लिहिली गेली. फुटीशी मात्र त्याचा संबंध मला जोडता येत नाही.

समान वाटा, असमान मिळकत

एप्रिल 1967 मध्ये करसल्लागारांच्या आग्रहाने नवी भागीदारी झाली. इंग्लंडमध्ये वरच्या उत्पन्नावरील कर तेव्हा 90 टक्क्यांच्या वर जात असे, म्हणून भागीदारीतील 80 टक्के हिस्सा एका कंपनीकडे आणि चौघांकडे प्रत्येकी 5 टक्के अशी रचना करण्यात आली. हीच कंपनी पुढे ॲपल या नावाने ओळखली गेली. मुदत दहा वर्षांची होती. गाणी लिहिण्याचे मानधन वगळता, एखाद्याने एकट्याने काढलेल्या रेकॉर्डचे उत्पन्नसुद्धा याच सामाईक पेटीत जमा व्हायचे होते. गोडीगुलाबी असताना अशी अट कोणाला खुपत नाही. कराचा विचार करणाऱ्यांनी करार लिहिला आणि वेगळे होण्याचा विचार करणारा त्या खोलीत कोणीच नव्हता, असे तो वाचताना जाणवते.

गाण्यांच्या हक्काचा पैसा या पेटीच्या बाहेर होता, आणि खरी विषमता तेथे होती. लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी 1963 मध्ये प्रकाशक डिक जेम्स यांच्यासह नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी स्थापन झाली होती. 1965 मध्ये तिचे समभाग बाजारात आले, तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी 15 टक्के राहिले, तर हॅरिसन आणि स्टार या दोघांकडे मिळून 1.6 टक्के. रंगमंचावर चौघे सारखे, पण गाणे वाजल्यावर मिळणारा पैसा दोघांचा. हॅरिसन यांची गाणी वाढत होती आणि सकसही होत होती. त्यांना एका तबकडीवर दोनेक जागा मिळत. 1968 च्या तीस गाण्यांच्या जोडतबकडीवरही त्यांची चारच होती. गट मोडल्यावर नोव्हेंबर 1970 मध्ये त्यांनी एकदम तीन तबकड्यांचा संच काढला, त्यातील काही गाणी आधी गटासमोर ठेवलेली आणि मागे पडलेली होती.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आमच्या कंपन्यांमध्ये लेखकाला संहितेचे पैसे मिळतात, नटाला नाईटचे, वादकाला त्याच्या नाईटचे, आणि उरलेला नफा-तोटा निर्मात्याचा. या पद्धतीत अन्याय होत नाही असे नाही, पण कोणाला किती मिळते हे ढोबळमानाने सर्वांना ठाऊक असते. बीटल्सच्या बाबतीत चार मित्रांना आपण समान आहोत असे वाटत राहिले आणि दर सहा महिन्यांनी येणारी रक्कम वेगळे सांगत राहिली.

एपस्टाइन गेल्यावर नवा व्यवस्थापक नेमायचा नाही, आपला कारभार आपणच पाहायचा, असे ठरले. ॲपलने कपड्यांचे दुकान काढले. डिसेंबर 1967 मध्ये सुरू झालेले ते दुकान जुलै 1968 मध्ये उरलेला माल लोकांना फुकट वाटून बंद करावे लागले. कचेरीतून पैसा कोठे जातो ते कोणी पाहत नव्हते. जानेवारी 1969 मध्ये लेनन यांनी एका नियतकालिकाला सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत आम्ही कफल्लक होऊ. तोपर्यंत रिंगो स्टार ऑगस्ट 1968 मध्ये सुमारे दोन आठवडे गट सोडून जाऊन परतले होते, आणि 10 जानेवारी 1969 रोजी हॅरिसन उठून निघून गेले होते. त्यांची समजूत घालून परत आणले गेले. 30 जानेवारीला कचेरीच्या गच्चीवर चौघांनी 42 मिनिटे वाजवले. लोकांसमोर एकत्र वाजवण्याची ती शेवटची वेळ. मॅकार्टनी त्या काळात बाकीच्यांना कामाला लावत होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर हुकूमशाहीचा आरोप झाला. तो थोडा खराही असेल, पण मालक नसलेल्या कंपनीत सकाळी तालमीची वेळ ठरवणारा माणूस सर्वांना नकोसाच होतो.

तीन विरुद्ध एक

फुटीचे वर्ष 1970 सांगितले जाते. माझ्या मते ते 1969 मानावे, आणि त्यातही मे महिना. ॲपलचा कारभार सावरण्यासाठी दोन प्रस्ताव होते. मॅकार्टनी यांना लिंडा ईस्टमन यांचे वडील ली आणि भाऊ जॉन हे न्यूयॉर्कचे वकील हवे होते. लिंडा आणि मॅकार्टनी यांचा विवाह मार्च 1969 मध्ये झाला. लेनन यांनी ॲलन क्लाइन या न्यूयॉर्कच्या हिशेबनिसाची निवड केली होती. रेकॉर्ड कंपन्यांच्या वह्या तपासून कलावंतांचा दडवलेला पैसा बाहेर काढण्यात क्लाइन यांचा हातखंडा होता आणि रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या गटाचा कारभारही ते पाहत होते. हॅरिसन आणि स्टार लेनन यांच्या बाजूने गेले. एका भागीदाराच्या सासऱ्याच्या हाती सर्वांची तिजोरी द्यायला बाकीच्या तिघांनी नकार दिला यात मला काही गैर दिसत नाही. आमच्याकडे मेहुण्याला खजिनदार केल्यामुळे मोडलेल्या भागीदाऱ्या मोजायच्या म्हटले तर वही पुरायची नाही. पण क्लाइन यांच्याबद्दल मॅकार्टनी यांची शंकाही तितकीच रास्त होती.

हा वाद चालू असतानाच बाहेर दोन घरे हातची गेली. एपस्टाइन कुटुंबाच्या नेम्सकडे बीटल्सच्या रेकॉर्डच्या रॉयल्टीतील चौथा हिस्सा जात होता. ती कंपनी विकत घेऊन तो हिस्सा वाचवण्याची संधी होती, पण क्लाइन आणि ईस्टमन यांच्या दोन तोंडांनी बोलणी चालल्यामुळे नेम्स एका गुंतवणूक संस्थेकडे गेली. मार्चमध्ये डिक जेम्स यांनी नॉर्दर्न साँग्जमधील आपला हिस्सा एटीव्ही या कंपनीला विकला आणि त्याच वर्षात लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांवरचा ताबा त्या दोघांच्या हातून निसटला. याच झटापटीत मॅकार्टनी यांनी सोबत्याला न सांगता नॉर्दर्न साँग्जचे जादा समभाग घेऊन ठेवल्याचे लेनन यांना कळले. रक्कम फार मोठी नव्हती. पण बारा वर्षांच्या जोडीत एकाने दुसऱ्याच्या नकळत वेगळी पिशवी बांधली होती, आणि लेनन यांना ते फार लागले.

मे महिन्यात तिघांनी क्लाइन यांच्या नेमणुकीच्या कागदावर सह्या केल्या. 9 मे रोजी लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यांनी मॅकार्टनी यांना सही करण्याचा आग्रह धरला. क्लाइन यांना 20 टक्के हवे होते. 15 वर तोडू, वकील सोमवारी पाहतील, आज सही नको, असे मॅकार्टनी म्हणाले. सही झाली नाही आणि तिघे निघून गेले. तोपर्यंत गटाचा अलिखित नियम असा होता की चौघांपैकी एकालाही पसंत नसेल तर ती गोष्ट करायची नाही. या नियमामुळे अनेक कामे अडली असतील, परंतु त्याच्यामुळेच चौघेही आपण मालक आहोत असे मानत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिघांच्या बहुमताने चौथ्याला बांधून घेण्यात आले. त्यानंतर मॅकार्टनी यांच्या दृष्टीने कंपनीला तीन मालक आणि एक नोकर उरला.

गंमत अशी की क्लाइन यांनी सप्टेंबर 1969 मध्ये अमेरिकेतील रॉयल्टीचा नवा, पूर्वीपेक्षा बराच चांगला करार करून आणला आणि त्यावर मॅकार्टनी यांनीही सही केली. 20 सप्टेंबरच्या त्याच बैठकीत लेनन यांनी आपण गट सोडत असल्याचे सांगितले. बोलणी बिघडू नयेत म्हणून ती गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही असे ठरले. सहा महिने कोणी काही बोलले नाही. मार्च 1970 मध्ये मॅकार्टनी यांची एकट्याची तबकडी तयार झाली. गटाची जुनी तबकडी आधी निघावी म्हणून ती पुढे ढकलण्याचे पत्र बाकीच्यांनी रिंगो यांच्या हाती पाठवले, आणि सर्वांत सालस अशा त्या माणसाला मॅकार्टनी यांनी घराबाहेर काढले. 10 एप्रिल रोजी मॅकार्टनी वेगळे झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. आधी सोडून गेलेला गप्प राहिला आणि शेवटपर्यंत टिकून असलेल्यावर मोडल्याचा ठपका आला.

लेनन यांच्या पत्नी योको ओनो यांच्याविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे, कारण गावोगावी हेच कारण सांगितले जाते. तालमीच्या खोलीत त्यांचे सतत बसणे इतरांना अवघड होत होते हे खरे आहे, पण नॉर्दर्न साँग्ज त्यांनी विकली नव्हती, दहा वर्षांचा करार त्यांनी लिहिला नव्हता आणि 9 मेचा कागदही त्यांचा नव्हता. कंपनी फुटली की कोणाची तरी बायको कारणीभूत ठरवण्याची खोड लंडनला आणि लाखांदूरला सारखीच आहे.

न्यायालयात आणि आपल्या कायद्यात

31 डिसेंबर 1970 रोजी मॅकार्टनी यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात भागीदारी विसर्जित करण्याचा दावा लावला. त्यांना क्लाइन यांच्यापासून सुटायचे होते, परंतु करार चौघांचा असल्यामुळे दावा जुन्या मित्रांवरच लावावा लागला. मुद्दे थोडक्यात असे होते: गट आता एकत्र काम करीत नाही, आपल्या विरोधाला न जुमानता व्यवस्थापक नेमला गेला, आपल्या कलाकृतीत आपल्या संमतीविना बदल करण्यात आले, आणि 1967 पासून भागीदारीचे तपासलेले हिशेब आपल्याला कधीच मिळाले नाहीत. हा शेवटचा मुद्दा वाचून मला जमाखर्च लिहिणारा म्हणून वाईट वाटले. जगातला सर्वांत मोठा गट, आणि भागीदाराच्या हातात ताळेबंद नाही. 12 मार्च 1971 रोजी न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी भागीदारीच्या मालमत्तेवर तिऱ्हाईत व्यवस्थापक नेमला.

आपल्याकडील 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम 12 या संदर्भात वाचण्यासारखे आहे. नेहमीच्या कामकाजातील मतभेद बहुमताने मिटवता येतात, पण निर्णयापूर्वी प्रत्येक भागीदाराला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, आणि धंद्याचे स्वरूपच बदलायचे असेल तर सर्वांची संमती लागते. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. मुदत न ठरवलेली भागीदारी कलम 43 प्रमाणे लेखी नोटीस देऊन संपवता येते. मुदतीच्या भागीदारीतून एकट्याला सुटायचे असेल, तर बहुधा कलम 44 खाली न्यायालयाचे दार गाठावे लागते. करारात मुदत टाकताना हा फरक भागीदारांना समजावून सांगणे हे करार लिहिणाऱ्याचे काम आहे. तारखा कोणी घ्यायच्या, ॲडव्हान्स कोणाच्या हाती, आणि कोणत्या गोष्टीला सर्वांची सही लागेल, हे तीन मुद्दे तरी आमच्या कंपन्यांनी स्टॅम्प पेपरवर आणावेत असे मी सांगत असतो. नाव आणि फलक कोणाकडे राहील हा चौथा मुद्दा काढला की मात्र बैठक तेथेच उठते.

तिकडे 1973 मध्ये उरलेल्या तिघांनी क्लाइन यांचा करार पुढे चालवला नाही आणि ते तिघे व क्लाइन यांच्यातच दावे सुरू झाले. मॅकार्टनी यांची शंका खरी ठरल्याचे तिघांना एका अर्थाने मान्य करावे लागले. डिसेंबर 1974 मध्ये वेगळे होण्याच्या अंतिम कागदांवर सह्या झाल्या. लेनन यांनी आपली सही सर्वांत शेवटी, फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात केली. जानेवारी 1975 मध्ये भागीदारी कायदेशीररीत्या संपली.

भागीदारी संपली तरी ॲपल ही कंपनी राहिली. ती चालवण्यासाठी चौघांनाही चालेल असा माणूस हवा होता, आणि तो सुरुवातीपासून त्यांच्याबरोबरच होता. नील ॲस्पिनॉल हे हॅरिसन आणि मॅकार्टनी यांचे शाळासोबती. हिशेबनिसाचे शिक्षण सोडून ते 1961 पासून गटाची गाडी चालवू लागले, वाद्ये चढवू-उतरवू लागले. क्लाइन यांनी ॲपलच्या कचेरीत झाडाझडती घेतली, तेव्हा त्यांनाही काढण्याचा प्रयत्न झाला होता आणि चौघांनी तो हाणून पाडला. एरवी कशावरच एकमत होत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे. लेनन यांची 1980 मध्ये हत्या झाली, हॅरिसन 2001 मध्ये वारले, त्यांच्या जागी त्यांच्या पत्नींच्या सह्या येऊ लागल्या, आणि ॲस्पिनॉल 2007 पर्यंत कारभार पाहत राहिले.